वाट्या बदलल्या, आता मिस्सेत गुडघे कसे टेकू?

वाडीवाली, वसई

माझं वय 63. दिवाळीनंतर दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलल्या. चालते, जिना चढते, बाजारही करते. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही आणि गुडघ्यांवर भार द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. पहिल्या दोन गोष्टींचं काही वाटत नाही. आयुष्यभर केळीच्या वाडीत उकिडवं बसून खुरपणी केली, आता सून करते.

तिसरी गोष्ट मात्र जड जातेय. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, घंटी वाजते, फादर होस्तिया (पवित्र भाकर) वर उचलतात, बाकांखालच्या गुडघे टेकायच्या फळ्या धडाधड पडतात आणि सगळं चर्च खाली जातं. मी एकटी वर. वादळात बाग आडवी व्हावी आणि मधेच एक खुंट उभा राहावा, तशी. परवा मागच्या बाकावरून कुणीतरी कुजबुजलं, "हिला काय झालं आता?" मला साडी वर करून टाके दाखवावेसे वाटले.

पण खरं सांगते, आधीही मी काही साधी नव्हते. फळीवर रेक्झिनची गादी आहे, ती सोडून मी मुद्दाम लादीवर टेकायची. मिस्सा संपल्यावर साडीला गुडघ्यापाशी दोन धुळकट गोल उमटलेले असायचे. ते मी घरी पोचेपर्यंत झटकत नसे. बायका बघायच्या. बघाव्यात असंच वाटायचं.

त्यात नवीन पेच. ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, फादर ज्या बारा जणांचे पाय धुतात, त्यांत यंदा माझं नाव घातलंय. पूर्वी पुरुषच असायचे, 2016 ला रोमहून नियम बदलला. म्हणजे मी खुर्चीत आणि फादर माझ्यापुढे गुडघ्यांवर! ते माझ्या धाकट्याच्या वयाचे. नाही म्हणू का?

जुना मास्तर

ताई, चाळीसेक वर्षं मुलांना धर्मशिक्षण शिकवलं, म्हणून चार शब्द लिहितो. मिस्साविधीच्या नियमांतच, 43 व्या कलमात, तब्येत साथ देत नसेल तर गुडघे टेकू नयेत अशी सूट आहे. मग फादर होस्तिया दाखवून स्वतः गुडघा टेकतात, त्या वेळी आपण कमरेतून खोल वाकायचं. झालं. त्यात कमी-जास्त काही नाही.

आणि गुडघे टेकणं हेच एक आदराचं माप कधीच नव्हतं. 325 साली निकियाला धर्मसभा भरली, तिच्या विसाव्या नियमात रविवारी आणि ईस्टर ते पेंटेकॉस्टच्या (ईस्टरपासूनचा पन्नासावा दिवस) दिवसांत प्रार्थना उभ्यानेच करा असं सांगितलंय, कारण ते पुनरुत्थानाचे दिवस. आपल्या देशासाठी तर 1969 मध्ये रोमने बारा सवलती मान्य केल्या. त्यांत गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून खोल वाकणं आहे, जमिनीवर बसणं आहे, पंचांग प्रणामही (गुडघे, हात, कपाळ जमिनीला टेकवून नमस्कार) आहे. कुजबुजणाऱ्यांना यातलं काही ठाऊक नसतं, पण आवाज त्यांचाच मोठा.

मालवणकर

मास्तर, ताईंचं आजारपण मान्य. पण तुमचं ऐकून धडधाकट माणसंपण बसून राहतील, त्याचं काय? आमच्याकडे तरणी पोरं कन्सेक्रेशनला, म्हणजे नेमकं होस्तिया उचलतात तेव्हा, बाकाच्या कडेला बूड टेकवून अर्धवट लोंबकळतात. येशूने अटकेआधी गेथशेमाने बागेत गुडघे टेकले, बायबलमधला दानीएल संदेष्टा दिवसातून तीनदा टेकायचा. शरीर वाकलं नाही तर मन कुठून वाकणार?

जुना मास्तर

लूकच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायातल्या दाखल्यातला पापी जकातदार उभाच होता, भाऊ. लांब उभा राहून ऊर बडवत होता. स्वतःला धार्मिक समजणारा परूशीसुद्धा उभाच. दोघांचं अंग सारखंच, आणि नीतिमान ठरून घरी गेला एकच, जकातदार. लोंबकळणाऱ्या पोरांबद्दल मात्र तुमच्याशी सहमत.

फिजिओ, रत्नागिरी

मी ख्रिस्ती नाही, पण गुडघ्यांचं रोजचंच काम आहे. वाट्या बदललेल्या काही जणांना पुढे मऊ उशीवर टेकता येतं, काहींना कधीच नाही. ते तुमच्या सर्जनलाच विचारा, कुणी मागून बोललं म्हणून प्रयोग करू नका. वाकताना पुढच्या बाकाची पाठ धरा. आणि टोकाची जागा सोडू नका, उठायला सोपं पडतं.

वाडीवाली, वसई

सगळ्यांचे आभार. काल वाकून पाहिलं, बाक धरून. मान खाली गेली तेव्हा समोर फक्त माझ्याच चपला दिसत होत्या. लादीवर टेकायची तेव्हा कोण कोण बघतंय ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसायचं. आता काहीच दिसत नाही, याचीच थोडी चुटपुट लागली. हसा खुशाल.

मालवणकर भाऊ, तुमचं म्हणणं मला पटतं, म्हणून तर विचारलं होतं.

गुरुवारचं सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "आई, येशू पाय धुवायला आला तेव्हा शिष्य पेत्रपण आधी नाहीच म्हणाला होता." पोरगी धर्मशिक्षणात हुशार होती म्हणे. तर होकार कळवलाय. खुर्चीत नुसतं बसून राहायचं आणि दुसऱ्याला आपले पाय धरू द्यायचे, या विचाराने लादीपेक्षा जास्त टोचतंय.

आता एवढंच सांगा, टाचांच्या भेगांना काय लावू? वाडीतली काळी माती आत बसलीय, घासून निघत नाही. कोकम तेल लावून पाहिलं, मऊ पडल्या, पण काळेपणा तसाच. दोन आठवडे हातात आहेत.