दरमहा दोन डॉलर लावून बघितले

फुकट सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना मदत म्हणून "दरमहा थोडे लावून द्या आन् विसरून जा" असं सांगतात, पण विसरणंच तर नडतं. परभणीत माझं डीटीपीचं दुकान आहे. पुस्तिकेची पानं छपाईच्या क्रमाने लावणारा एक फुकट प्रोग्रॅम रोज वापरतो, परदेशातल्या एकट्या माणसाने लिहिलेला. त्याला दरमहा दोन डॉलर लावले. पहिला हप्ता ओटीपी टाकून गेला, दुसरा बँकेने परतवला. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ई-मँडेट (आपोआप कपातीला आधी दिलेली परवानगी) नोंदलेलं नसेल तर कार्डातून आपोआप कपात होत नाही. लाजच वाटली.

आता दिवाळीत, लग्नपत्रिकांची गर्दी सुरू व्हायच्या आधी, वर्षाचे एकदम देतो. दर व्यवहाराला लागणारं ठरावीक शुल्कही एकदाच कटतं, नाहीतर दोन डॉलरमधून त्याच्या हाती काय उरणार? डेव्हलपरला असे पैसे पोचवणाऱ्या साइटींपैकी गिटहब स्पॉन्सर्स वैयक्तिक खात्यातून दिलेल्या पैशातून स्वतःचा वाटा घेत नाही, लिबरापेही नाही. डेव्हलपर भारतातला असेल तर सरळ यूपीआय. पेपाल ही ऑनलाइन पैसे पाठवायची सेवा मात्र त्याच्यासाठी विसरा. देशांतर्गत व्यवहार त्यांनी १ एप्रिल २०२१ पासून बंद केलेत.