सी विंगचा जिना, रेलिंग आणि काकांची चाल

सी-२०१: काल रात्री इथं कुणीतरी लिहिलं, "सी विंगचे काका घेऊन आल्यासारखे चालायलेत." मेसेज डिलीट केला तरी सगळ्यांनी वाचलाय. बाबा दारूला शिवत नाहीत. जिन्यात उजेड नाही, धरायला काही नाही. सेक्रेटरी साहेब, बोला.

ए-४०३: रेलिंगचा ठराव सभेत झालाय. कोटेशन परत टाकायलो. दीड इंची गोल पाईप, तीन फूट उंच, दोन्ही बाजूंनी.

बी-३०२ (फिजिओ ताई): दादा, काका उजेडात बरे चालतात आणि अंधारातच झोकांड्या जातात का? पाय आपटत टाकतात, नजर जमिनीवर?

सी-२०१: हो ताई, अगदी तसंच. तोंड धुताना डोळे मिटले की बेसिन धरतात.

बी-३०२: मग पाय कुठं पडतोय ही जाणच मेंदूला पोचत नाहीये. डोळे ती उणीव भरून काढतात, अंधारात तेही नाही. प्यायलेला माणूस भर उजेडातही फेंगडा डोलतो. शुगर आहे ना? शुगरची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, ते नक्की तपासा.

ए-२०२: मांजरा धरण भरलंय, तरी टँकरचे पैसे कशाचे?

ए-४०३: टँकरचं नंतर. कोटेशन वर आहे, वाचा.

ए-२०२: तुमचं रेलिंगच तेवढं महत्त्वाचं, आम्ही वर्गणी भरत नाही का?

बी-१०१: मला तर कंपवात वाटला होता.

डी-५०४ (डॉक्टर): कंपवातात पावलं छोटी, घासत पडतात. बऱ्याचदा सुरुवातीला एकाच बाजूचा हात झुलायचा थांबतो. वळायला चार-पाच पावलं लागतात, दाराच्या चौकटीत पाय चिकटतो. पाय फाकवून, जमिनीला चिकटल्यासारखे टाकत असतील, सोबत लघवीवर ताबा नाही आणि विसरभोळेपणा असेल तर मेंदूत पाणी साचलंय का बघावं लागतं. त्यावर ऑपरेशन आहे, "वय झालं" म्हणून सोडू नका.

बी-१०५: आईचा एक पंजा फटकन आपटतो, चप्पल निघून जाते. गुडघा उगं वर उचलते.

बी-३०२: टाचेवर चालून दाखवायला सांगा, तुम्ही शेजारी राहा. पंजा उचलला नाही तर गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूची नस दबलीय किंवा कमरेतली. उकिडवं बसून खुरपणाऱ्यांची गुडघ्याजवळची दबते. पाऊल आत वळवायलाही जोर नसेल तर संशय कमरेवर. बधिर चट्टा आहे का तेही बघा, कुष्ठरोगातही गुडघ्याजवळचीच नस जाते.

ए-४०१: गुडघा दुखतो त्याच बाजूला काठी धरायची ना?

बी-३०२: नाही काकू, उलट्या हातात. हात सरळ सोडल्यावर मूठ मनगटाच्या घडीला यावी.

डी-५०४: महत्त्वाचं. एक पाय अचानक ओढायला लागला, तोंड वाकडं, जीभ जड झाली तर तेल चोळत बसू नका. किती वाजता सुरू झालं ते लिहा, १०८ लावा. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत, तेही सीटी स्कॅननंतर. दोन्ही पाय लुळे, लघवी तुंबली, बसायची जागा बधिर झाली तरी त्याच दिवशी दवाखाना.

सेक्रेटरी: जिन्यात उद्या दोन बल्ब लागतील. काकांबद्दल ज्यांनी लिहिलं त्यांनी घरी जाऊन माफी मागावी, ग्रुपवर नको.

ए-४०३: आणि रेलिंग? कोटेशन परत टाकायलो.

सी-२०१: डॉक्टर, बी-१२ च्या गोळ्या आजच आणू का?

डी-५०४: आधी रक्त द्या. गोळ्या घेऊन तपासलं की आकडा चांगला येतो आणि खरी कमतरता झाकली जाते.