वाळ्याचं बेट मधूनच वाळतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दोन वर्षांपूर्वी बागेच्या उताराच्या कडेला वाळ्याचे चार ठोंब लावले. हेतू दोन: माती धरून ठेवायची आणि पाणी घालायची कटकट नको. पहिलं वर्ष झकास गेलं. पाती कमरेच्या वर गेली, जांभळट तुरेही आले.

आता मात्र बेटाचा मधला भाग वाळून तपकिरी झालाय, हिरवे फुटवे फक्त कडेनं. वरून पाती चहूबाजूंनी आडवी पडतात, विस्कटलेल्या केसांसारखी! दोन ठोंबांवर दुपारनंतर सावली येते, तेच जास्त लोळतात. बाकीचे दोन दिवसभर उन्हात आहेत, ते ताठ आहेत, पण मध्ये तेही वाळलेत. शिवाय लाड म्हणून मी दर आठवड्याला पाणी आणि अधूनमधून शेणखत देत आलोय. ज्याची मुळं सरळ खाली तीन-तीन मीटर जातात त्याला एवढं कशाला, हे आता सुचतंय.

छाटायचं तर जमिनीपासून किती उंचीवर? वीतभर ठेवू की अजून खाली? उन्हाळ्यात छाटलं तर चालेल, की पावसाच्या तोंडावर?

दुसरं, बेट खणून फुटवे वेगळे करायचे आहेत. प्रत्येक लावणीत किती फुटवे ठेवता? बियांचा भरवसा नाही, म्हणून हाच मार्ग दिसतो. सावलीतले दोन हलवावेत का?

ज्यांनी स्वतः वाळा विभागलाय त्यांनी जरूर सांगा. फोटो उद्या टाकतो.