रूट केलेला टॅब अपडेटनंतर लोगोवरच अडकलाय, आत आठ दिवसांची उधारी आहे, वाइप न करता चालू होईल का?

किराणा_काउंटर

नमस्कार मंडळी, दोन दिवस झाले नीट झोप नाही, कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.

आमचं किराणा दुकान आहे, बिलं आणि उधारी टॅबवर असते, टॅब सकाळी ७ पासून रात्री १० पर्यंत काउंटरवर चार्जरलाच लावलेला. आधीचा टॅब त्यानेच गेला, बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलं, काउंटरवर ठेवला की पाळण्यासारखा डुलायचा, वडील म्हणायचे काउंटरची फळी वाकलीय, मी उचलून बघितला तर काच एका कडेने सुटलेली आणि फटीतून आतली चंदेरी बॅटरी दिसत होती.

म्हणून नवीन टॅब घेतल्यावर फक्त एकाच कारणासाठी रूट केला (सिस्टमवर पूर्ण ताबा घेतला), चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबावं. याच्या सेटिंगमध्ये तसा पर्यायच नाही. बूटलोडर (टॅब चालू करणारा पहिला प्रोग्राम) अनलॉक केला, त्यात सगळं उडतं ते माहीत होतं म्हणून आधी बॅकअप घेतला आणि नंतर परत टाकला, मॅजिस्क या रूट करायच्या ॲपमध्ये बूट इमेज (टॅब सुरू करणारी फाइल) पॅच करून, म्हणजे बदलून, फ्लॅश केली, म्हणजे टॅबवर लिहिली, चार्जिंगला मर्यादा घालणारं एसीसी मॉड्यूल टाकलं, ७० ला चालू ८० ला बंद. आठ दिवस एक नंबर चाललं.

परवा रात्री अपडेट आलं, मी दाबलं, झालं पण व्यवस्थित, फक्त रूट गेलं. मग मी आठ दिवसांपूर्वीची पॅच केलेली तीच फाइल परत फ्लॅश केली आणि तिथून सगळं बिघडलं. लोगो येतो, ऑरेंज स्टेटचा (बूटलोडर अनलॉक असल्याचा) मेसेज येतो, पाच सेकंद थांबतो, परत लोगो, एकदा थरथरतो, परत पहिल्यापासून. मधे एकदा रिकव्हरीची स्क्रीन आली, कान्ट लोड अँड्रॉइड सिस्टम, युवर डेटा मे बी करप्ट, खाली ट्राय अगेन आणि फॅक्टरी डेटा रीसेट असे दोनच पर्याय. बोट बटणावर होतं पण दाबलं नाही.

मीडियाटेकची चिप आहे, टॅब अँड्रॉइड १२ वर आला होता, आता १३. इथला दुरुस्तीवाला म्हणतो रीसेट मारायलाच लागेल नाहीतर बोर्ड बदला. एक मित्र म्हणतो बूटलोडर परत लॉक कर, आपोआप ठीक होईल. बॅकअप आहे तो अनलॉकच्या वेळचा, नंतरच्या आठ दिवसांची उधारी फक्त टॅबमध्येच, साठ-सत्तर गिऱ्हाईकांची नावं असतील. वडिलांना अजून सांगितलं नाही, तात्पुरतं वहीत लिहून घेतोय.

आणि वरून आज लॅपटॉपला जोडला तर फास्टबूट (लॅपटॉपवरून टॅबवर फाइल लिहायचं टूल) नुसतं वेटिंग फॉर एनी डिव्हाइस म्हणत बसतंय. परवापर्यंत चुलतभावाच्या लॅपटॉपवर चालत होतं, हा माझा आहे.

रात्रपाळी

भाऊ आधी एक काम कर, टॅब बंद करून बाजूला ठेव आणि शांतपणे वाच. रीसेट मारू नकोस आणि बूटलोडर तर अजिबात लॉक करू नकोस. तुझी उधारी बहुतेक जशीच्या तशी आहे.

झालंय काय, तू फ्लॅश केलंस ते बूट पार्टिशन (स्टोरेजचा एक वेगळा भाग), डेटा त्याच्यात नसतोच, तो युजरडेटा पार्टिशनमध्ये वेगळा आहे आणि त्याला तू हात लावलेला नाहीस. बूट इमेजमध्ये कर्नल (सिस्टमचा गाभा) आणि सुरुवातीची रॅमडिस्क (चालू होताना लागणाऱ्या फाइली) असते. अपडेटने बाकीची सिस्टम, व्हेंडरची मॉड्यूल्स सगळं नव्या बिल्डचं (आवृत्तीचं) केलं आणि तू त्याच्यावर जुन्या बिल्डचा कर्नल बसवलास, त्यामुळे दोघांचं जुळत नाहीये. नशीब बरं असलं तर अशा वेळी टॅब चालू होतो पण वायफाय किंवा टच जातं, नाहीतर तुझ्यासारखा गोल गोल फिरतो.

तो डेटा करप्टवाला मेसेज बघून लोक घाबरून रीसेट मारतात आणि खरं नुकसान तिथे होतं. डेटा एन्क्रिप्ट केलेला असतो आणि त्याच्या चाव्या अँड्रॉइडच्या व्हर्जनशी आणि सिक्युरिटी पॅचच्या तारखेशी बांधलेल्या असतात. अपडेटनंतर चाव्या नव्या तारखेच्या झाल्या, आता बूट इमेज जुनी तारीख सांगतेय म्हणून चावी लागत नाही आणि सिस्टमला वाटतं डेटाच खराब आहे. योग्य बिल्डची बूट इमेज बसली की चावी परत लागते.

लॉक का नाही ते पण सांगतो. एकतर लॉक करताना पण डेटा उडतो, जसा अनलॉकला उडाला. दुसरं, आत बदललेली इमेज असताना लॉक केलंस तर बूटलोडर सही तपासणार, सही जुळणार नाही, टॅब चालू व्हायला नकार देणार आणि फ्लॅश करायची वाट पण बंद झालेली असेल. आत्ता दरवाजा उघडा आहे म्हणून काम सोपं आहे.

आणि बोर्ड बदलून काय होणार, स्टोरेज बोर्डवरच असतं, बोर्डबरोबर उधारी पण जाईल.

पिंपरी_फ्लॅशर

एवढं कशाला, ए/बी स्लॉटवाला (सिस्टमसाठी दोन जागा असलेला) टॅब असेल ना, मग अपडेट दुसऱ्या स्लॉटला गेलंय, जुना स्लॉट तसाच असणार. फास्टबूट सेट ॲक्टिव्ह करून जुन्या स्लॉटवर जा, तुझी जुनी पॅच केलेली इमेज पण तिथेच आहे, पाच मिनिटांत चालू. मी जुन्या फोनवर खूपदा केलंय.

रात्रपाळी

@पिंपरी_फ्लॅशर दादा, जुन्या फोनला बरोबर आहे, अँड्रॉइड ७ च्या वेळी ए/बी आलं तेव्हा सिस्टमच्या खरंच दोन पूर्ण प्रती असायच्या. पण याचा टॅब १२ वर आलेला आहे, म्हणजे व्हर्च्युअल ए/बी असायची शक्यता जास्त. त्यात दुसऱ्या सिस्टमला वेगळी जागा नसते, अपडेट स्नॅपशॉटमध्ये (तात्पुरत्या जागेत) उतरतं आणि टॅब नव्या सिस्टमवर एकदा नीट चालू झाला की मागे मर्ज होऊन जातं, म्हणजे मूळ सिस्टमच्या जागी बसतं. त्याने लिहिलंय अपडेट होऊन टॅब चालू झाला होता, मग मर्ज झालेलं असणार आणि जुन्या स्लॉटला बूट तेवढं जुनं, सिस्टम नाहीच. तिथे उडी मारली तर अजून गुंता. बरं मर्ज अर्धवट असेल तर स्लॉट बदलणं त्याहून वाईट. स्लॉट आहे तोच ठेव.

सोल्डर_ताई

मी मोबाइल दुरुस्तीच करते, रात्रपाळी बरोबर सांगतायत, त्यांच्याच मार्गाने जा. मी फक्त तुमच्या लॅपटॉपचं बघते कारण लोक निम्मे तिथेच अडकतात.

टॅब फास्टबूटला ठेवून केबल लावा, विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा. अँड्रॉइड असं नाव आणि त्याच्यावर पिवळा त्रिकोण दिसत असेल तर ड्रायव्हर नाही, एवढंच. एडीबीला (चालू टॅबशी लॅपटॉपवरून बोलायचं टूल) चालणारा ड्रायव्हर फास्टबूटला चालेलच असं नाही, विंडोजला ती दोन वेगळी डिव्हाइस वाटतात, म्हणून खूप जण म्हणतात एडीबी दिसतंय मग हे का नाही. गुगलचा यूएसबी ड्रायव्हर उतरवा, त्या पिवळ्या त्रिकोणावर राइट क्लिक, अपडेट ड्रायव्हर, कॉम्प्युटरमधून निवडतो म्हणा, यादीतून निवडतो म्हणा आणि अँड्रॉइड बूटलोडर इंटरफेस घ्या. विंडोज धोक्याची सूचना देईल, हो म्हणा.

त्रिकोण पण नाही आणि काहीच दिसत नाही, तर केबल बदला. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या तीन-चार केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, आत डेटाच्या तारा नसतातच. आणि निळ्या यूएसबी ३ च्या पोर्टऐवजी साधा काळा यूएसबी २ चा पोर्ट घ्या, नसेल तर मधे जुना स्वस्तातला हब लावा. काही लॅपटॉपवर यूएसबी ३ मधून फास्टबूट मधेच सुटतं, फ्लॅश होताना सुटलं तर डोक्याला ताप.

किराणा_काउंटर

ताई खूप खूप आभार, पिवळा त्रिकोणच होता! ड्रायव्हर टाकल्यावर फास्टबूट डिव्हाइसेसला नंबर आला, एवढा आनंद कशाचा झाला नव्हता. करंट स्लॉट विचारला तर बी सांगतोय.

आता कोणती फाइल फ्लॅश करू? माझ्याकडे जुन्या बिल्डचीच आहे. नव्या बिल्डचा नंबर पण आठवत नाही, टॅब चालू होत नाही तर बघू कुठे? नेटवर माझ्या मॉडेलच्या नावाने तीन वेगवेगळ्या फाइली दिसतायत.

रात्रपाळी

मॉडेलच्या नावावर जाऊ नकोस, त्याच नावाचे वायफायवाला आणि सिमवाला असे दोन टॅब असतात आणि देशाप्रमाणे बिल्ड पण वेगळी.

रिकव्हरीची जी स्क्रीन येते ना, तिच्यात अगदी वर बारीक अक्षरात दोन-तीन ओळी असतात, कंपनी, डिव्हाइसचं नाव, १३, मग बिल्ड नंबर आणि शेवटी रिलीज कीज. फोटो काढ आणि झूम करून बघ. फक्त एक लक्षात घे, रिकव्हरीची रॅमडिस्क पण बूटमध्येच असेल तर ती ओळ जुन्या बिल्डची दाखवेल, म्हणून त्या ओळीतून डिव्हाइसचं नाव आणि प्रदेश पक्का कर, आणि बिल्ड अपडेटच्या तारखेवरून जुळव, आठवड्याभरात आलेली त्या डिव्हाइसची सगळ्यात नवी पूर्ण फर्मवेअर. अर्धवट अपडेटची छोटी झिप नको, तिच्यात पूर्ण बूट इमेज नसते, नुसता फरक असतो. पूर्ण झिप एक-दोन जीबीची असते.

झिपमध्ये पेलोड डॉट बिन असेल तर पेलोड डंपर नावाच्या टूलने त्यातून फक्त बूट इमेज बाहेर काढ. तुझा टॅब १२ वर आलेला म्हणून बूट इमेज. जे १३ वरच बाजारात आले त्यांना इनिट बूट नावाचं वेगळं पार्टिशन असतं आणि मॅजिस्क तिथे पॅच करावं लागतं, ते तुला लागू नाही, दुसऱ्या कुणी वाचत असेल म्हणून लिहिलं.

मग फास्टबूट फ्लॅश बूट आणि ती फाइल, स्टॉक म्हणजे कंपनीची मूळ, पॅच न केलेली. रूटचं आज डोक्यात पण आणू नकोस. फर्मवेअरबरोबर फ्लॅश ऑल नावाची बॅच फाइल आली तर तिच्यावर डबल क्लिक करू नकोस, अशा फाइलींमध्ये शेवटी मायनस डब्ल्यू लिहिलेलं असतं आणि ते डेटा पुसतं. व्हीबीमेटाला (सही तपासायची माहिती असलेलं पार्टिशन) पण हात लावू नको, आठ दिवस त्याशिवाय चाललं होतं ना.

किराणा_काउंटर

मंडळी चालू झाला!!!

ताईंनी सांगितलं तसा काळ्या पोर्टला लावला, फोटोत डिव्हाइसचं नाव बघितलं, तीनपैकी दोन फाइली तर सिमवाल्या टॅबच्या निघाल्या. कंपनीच्या सपोर्ट पानावर पूर्ण झिप मिळाली, त्यातली बूट इमेज काढली, फ्लॅश केली, ओके ओके आलं, रीबूट दिला. ऑरेंज स्टेट, लोगो, आणि मग लोगो तसाच राहिला, मी घड्याळ बघत बसलो, चौथ्या मिनिटाला पिन विचारला. पिन टाकला आणि आधी उधारी उघडली. सगळी नावं आहेत, शेवटची नोंद परवा रात्रीची ९ वाजून ४० मिनिटांची, दोन किलो साखर आणि चहा पावडर. डोळ्यात पाणी आलं खरंच.

पहिल्यांदा बॅकअप काढून पेनड्राइव्हवर टाकला आणि मग वडिलांना सांगितलं काय झालं होतं ते. ते म्हणाले वही चालूच ठेवू.

आता प्रश्न, रूट परत करायचं आहे, बॅटरीचं दुखणं तसंच आहे. आणि पुढचं अपडेट आलं की काय करायचं?

रात्रपाळी

जी स्टॉक बूट इमेज काढलीस तीच मॅजिस्कमध्ये पॅच कर, त्याच टॅबवर. आणि लगेच फ्लॅश करू नकोस, आधी फास्टबूट बूट आणि पॅच केलेली फाइल असं देऊन बघ, चाललं तर त्या एका वेळेपुरतं रूट होऊन टॅब चालू होतो, बिघडलं तर बंद करून चालू केला की परत स्टॉक. तसा चालला की मॅजिस्कमध्ये डायरेक्ट इन्स्टॉल कर. काही कंपन्यांचे बूटलोडर ही कमांड घेत नाहीत, मग सरळ फ्लॅश.

पुढच्या अपडेटला, मॅजिस्कमध्ये अनइन्स्टॉलमध्ये जाऊन रिस्टोअर इमेजेस दे पण रीबूट करू नको, मग अपडेट टाक, ते रीस्टार्ट मागेल तेव्हा दाबू नको, मॅजिस्कमध्ये परत जाऊन इन्स्टॉल टू इनॲक्टिव्ह स्लॉट कर आणि मगच रीबूट. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ऑटोमॅटिक सिस्टम अपडेट्स बंद कर म्हणजे रात्री आपोआप बसणार नाही. नव्या मॉड्यूलने कधी अडकला तर सेफ मोडमध्ये एकदा चालू कर, मॅजिस्क सगळी मॉड्यूल्स बंद करून टाकतं.

सोल्डर_ताई

एक मनापासून सांगू का, त्या टॅबवर दुकानाचं यूपीआय ठेवू नका. पेमेंटची ॲप्स प्ले इंटेग्रिटी (डिव्हाइस भरवशाचं आहे का ही गुगलची तपासणी) तपासतात, अनलॉक केलेल्या बूटलोडरवर आज चालतील उद्या बंद होतील, आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना ते बघत बसायचं का. पैशाचं सगळं दुसऱ्या साध्या फोनवर.

आणि तुम्हाला हवंय ते फक्त चार्जिंग थांबवणं असेल तर इलेक्ट्रिकच्या दुकानात टायमरवाला सॉकेट मिळतो, तो सकाळी दोन तास आणि दुपारी दोन तास चालू ठेवला तरी काम होतं. बरोबर ८० वर थांबणार नाही, पण दिवसभर १०० वर तापत पण राहणार नाही. माझ्याकडे फुगलेल्या बॅटऱ्या येतात त्या जास्त करून अशाच, काउंटरवरच्या, कायम १०० वर ठेवलेल्या, उन्हाळ्यात तर रोज एखादी. आणि तो जुना फुगलेला टॅब घरात ठेवला असेल तर चार्ज करू नका, दाबून झाकण बसवायला जाऊ नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

पिंपरी_फ्लॅशर

व्हर्च्युअल ए/बीचं मला माहीत नव्हतं, माझं ऐकून स्लॉट बदलला असतास तर वाईट वाटलं असतं भावा. चालू झाला हे बरं झालं.

किराणा_काउंटर

@पिंपरी_फ्लॅशर दादा मनावर घेऊ नका, तुम्ही मदतीलाच आला होता.

ताई, जुना टॅब माळ्यावर ठेवलाय, पत्र्याखालीच, उद्या सकाळी पहिला तो खाली काढतो. टायमर सॉकेट आजच आणला, रविवारपर्यंत त्याच्यावर चालवतो, रविवारी दुपारी दुकान बंद असतं तेव्हा बॅकअप काढून मग पॅचला बसेन.