मायच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी तोल जाऊन पडते, काहून?

वावरातला_भौ: माय सत्तरीच्या पुढं आहे, गाव दर्यापूरकडं. शिबिरातून उजव्या डोळ्याचं ऑपरेशन फुकट झालं, भिंतीवरचं घड्याळ दिसते म्हणून खुश आहे. पण त्यानंतर न्हाणीच्या उंबरठ्याले ठेचकाळली अन काल ओसरीची पायरी चुकली, हाड वाचलं ते नशीब. डावा डोळा तसाच आहे, ती म्हणते एकानं दिसते ना, तूर सोंगून झाली की पाहू. ऑपरेशननं पडणं कमी व्हायले पायजे, हे उलटं काहून होऊन रायलं?

काठीवाला: एक डोळा साफ अन दुसरा धुरकट असला की दोघांचा मेळ बसत नाही भाऊ, समोरचं दिसते पण पायरी किती खोल ते कळत नाही. चहा ओतताना कपाबाहेर सांडते का पाहा, आमच्या आजीचा बशीत जायचा. जुना चष्मा लावत असन तर डॉक्टरले दाखवा, ऑपरेशन झालेल्या डोळ्याले तो नंबर आता चालत नाही.

दवाखान्यातली_ताई: पण ऑपरेशननं पडणं वाढते असं गावात सांगत फिरू नका बाप्पा, आधीच लोक टाळतात. इंग्लंडात नॉटिंगहॅमला 70 वरच्या बायांवर अभ्यास झाला, 2005 मध्ये छापून आला, पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन लवकर झालेल्यांचं पडणं वाट पाहणाऱ्यांपेक्षा 34 टक्के कमी होतं. जास्त धोका मधल्या काळाचा आहे, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात पडून दवाखान्यात भरती होणं दोन ऑपरेशनच्या मधात सगळ्यात जास्त वाढलेलं दिसलं, दुसऱ्यानंतर ते त्यापेक्षा कमी होतं, पण पहिल्या ऑपरेशनच्या आधीपेक्षा जास्तच. म्हणून डावा डोळा लांबवू नका, तारीख डॉक्टरलेच विचारा. अन नवा चष्मा करताना दोन भागाचा नको, खाली पाहिलं की वाचायच्या भागातून पायरी धुरकट दिसते. चालायले फक्त दूरचा घ्या.

रिकामटेकडा: सगळं डोळ्यावरच नका ढकलू. बीपीची गोळी घेते का, उठल्याबरोबर चक्कर येते का, रात्री लघवीले अंधारात जाते का? न्हाणीतलं शेवाळ खरडा. सारवलेली ओसरी अन पायरी एकाच रंगाची असते, साफ डोळ्यालेही फसवते, पायरीच्या काठाले चुन्याचा जाड पट्टा मारा, दहा रुपयाचं काम आहे.

वावरातला_भौ: बीपी अन शुगर दोन्ही आहे. चुना आजच आणतो. तुरीचं मी पाहून घेईन, पण शुगर वाढलेली असन तर दुसरा डोळा करतात का?

दवाखान्यातली_ताई: आधी शुगर आटोक्यात आणायले लावतात. गोळ्यांची पाकिटं अन पहिल्या ऑपरेशनचा कागद सोबत न्या, तो कागद बहुतेक जण घरीच विसरतात.