मदत हवी आहे: भाऊच्या धक्क्यावर बोट रंगवताना भरतीचा हिशेब कसा ठेवावा?

नमस्कार. गेले सात महिने मी सुट्टीच्या दिवशी सकाळी डॉकयार्ड रोडला उतरून भाऊच्या धक्क्यावर जाते आणि तिथे बसून जलरंगात चित्रे काढते. रीतसर शिक्षण झालेले नाही. इमारती, झाडे, बाजार बऱ्यापैकी जमतात. मासेमारीच्या बोटी मात्र दर वेळी कुठेतरी चुकतात, आणि नेमके काय चुकते ते मला बरेच दिवस उमगत नव्हते.

मागच्या रविवारी, पौर्णिमा होऊन एक दिवस झालेला असताना, मी साडेआठच्या सुमारास धक्क्याला लागलेला एक ट्रॉलर रंगवायला घेतला. तेव्हा त्याचा डेक माझ्या पायांच्या बराच खाली होता. जाळ्यांचे ढीग, बर्फाची भुकटी, निळे पिंप असे सगळे वरून दिसत होते. नाळेकडून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडून, सुरुवात करून मी केबिनपर्यंत पोहोचले तेव्हा साडेदहा वाजले होते आणि तीच केबिन माझ्या डोळ्यांसमोर उभी होती. घरी येऊन पाहिले तर चित्रातली बोट मध्येच मोडल्यासारखी दिसत होती. खरे तर ही चूक मला धक्क्यावरच एका खलाशाने दाखवली होती. कागदाकडे थोडा वेळ पाहून तो म्हणाला, “ताई, दोर ओहोटीचा आणि बोट भरतीची.” मी खुंटाला बांधलेला दोर सकाळी पाहिला तसा ताठ काढला होता, प्रत्यक्षात पाणी चढल्यावर तो ढिला पडून झोळीसारखा लोंबत होता.

छायाचित्र काढून घरी रंगवावे असा सल्ला अनेकजण देतात. तो मला नको आहे. ससून डॉकसारख्या ठिकाणी छायाचित्रणावर निर्बंध आहेत हे एक कारण. त्याहून मोठे कारण असे की उन्हाकडे तोंड करून काढलेल्या छायाचित्रात बोटीची सावली नुसती काळी येते, आणि त्या सावलीतला जांभळा-हिरवा रंग टिपण्यासाठीच तर मी तिथे जाते.

म्हणून जाणकारांना दोन प्रश्न. पाणी सतत चढत-उतरत असताना चित्रातली एक वेळ कशी धरून ठेवावी? आणि खाऱ्या, दमट हवेत आकाशाचा पहिला थर वाळतच नाही, डोलकाठ्यांचा रंग त्यात फुटून पसरतो. त्यावर उपाय काय?

प्रतिसाद

ताई, त्या खलाशाने तुम्हाला अर्धे उत्तर दिलेले आहे. उरलेले अर्धे पंचांगात आहे.

आपल्या किनाऱ्यावर जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, मुंबईत तेव्हा भरती दुपारी बाराच्या पुढेमागे येते आणि पाणी चार मीटर किंवा त्याहूनही अधिक चढते. ते सारख्या वेगाने चढत नाही: पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात असे दोन हिस्से, तिसऱ्या व चौथ्या तासात प्रत्येकी तीन हिस्से. तुम्ही बसलात ते नेमके तिसरे-चौथे तास होते, म्हणजे तुमच्यासमोर बोट दोन मीटर वर आली. असे चित्र कुणाच्याही हातून मोडले असते.

तेव्हा उधाण टाळून भांगाचे, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी असण्याचे, दिवस निवडा. नवमी-दशमीला भरती सकाळी सातच्या आगेमागे येते आणि चढउतार उधाणाच्या निम्म्याच्या आसपास असतो. भरतीच्या तासभर आधी बसलात तर पुढच्या दोन तासांत बोट वीतभरही हलणार नाही. तरीही पहिल्या दहा मिनिटांत क्षितिजरेषा, डेकची कड, पाण्याची रेषा आणि दोर एवढे पेन्सिलीने पक्के करा आणि नंतर बोट कुठेही जावो, त्या रेषा सोडू नका. क्षितिज तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असते; तुम्ही धक्क्यावर एकाच जागी आहात तोवर ते हलत नाही. त्यामुळे डेक क्षितिजाच्या किती खाली आहे, एवढेच मोजायचे.

धक्का पूर्वेकडे उघडा असल्याने सकाळी तुम्ही उन्हाकडे पाहत असता. रंग कमी दिसतात, आकार मोठे दिसतात. आकाश, पाणी, बोट अशा तीनच छटांवर सुरुवातीची चित्रे करून पाहा.

दमटपणावर मला सापडलेला उपाय म्हणजे सगळेच्या सगळे आकाश ओले न करणे. डोलकाठ्या जिथे येणार तो भाग कोरडा सोडावा, कुंचला कापडावर टिपून घ्यावा, आणि कागद जाड, ३०० ग्रॅमचा (दर चौरस मीटरला), सुती घ्यावा. पातळ कागद फुगतो आणि पाणी खळग्यांत साचते.

आणखी एक. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या काळात बोटी नांगरून किंवा किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात आणि तासन्‌तास एका जागी मिळतात. बोटीची बांधणी शिकायची ती तेव्हाच, ताडपत्रीखाली बसून.

धागाकर्ती

मनापासून आभार. पाऊणपटीचा हिशेब आजीच्या तोंडून ऐकला होता, पण तो चित्रासाठी वापरावा हे सुचले नव्हते. आता सुट्टीच्या दिवशी येणारी दशमी गाठायची. साडेसहाला धक्क्यावर असेन, आणि या वेळी दोर सर्वांत आधी काढीन.