रडला नाही म्हणून निबर?

वर कुणीतरी लिहिलंय की वडील गेल्यावर मुलगा रडलाच नाही, दिवसभर गेम खेळतो, आईवर खेकसतो, म्हणजे निबर झालाय. निबर वगैरे काही नाही हो, किशोरवयात दुःख बऱ्याचदा चिडचिडीतूनच बाहेर पडतं आणि तेही थोडं थोडं, आत्ता हसत असतील आणि दहा मिनिटांनी दार आपटून आत. माझा भाचा १५ वर्षांचा होता, बाबा अपघातात गेले, तोही रडला नाही, पण रोज रात्री बाबांचा जुना फोन न चुकता चार्जिंगला लावायचा. ताईने आवराआवरीत तो कपाटात टाकला तर घर डोक्यावर घेतलं त्याने! नंतर कळलं, त्यात बाबांचे व्हॉइस मेसेज होते.

मदत घेण्याआधी 'वर्षभर वाट बघा' असंही वर म्हटलंय, ते मात्र नाही पटलं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०२२ च्या निकषांत लांबलेला शोक (म्हणजे न ओसरणारं, रोजचं जगणं अडवणारं दुःख) हा आजार ठरवायला मृत्यूनंतर मोठ्यांना किमान १२ महिने धरलेत, पण मुलांना ६च. आणि मरावंसं वाटतं असं काही बोलला तर महिने मोजत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.